माहिती ज्याची, यंत्र त्याचे

डेस्कटॉपवर लिनक्स बसवणे म्हणजे डोकेदुखी, हा समज तीस वर्षे टिकून आहे आणि त्यातला बराच काळ तो खराही होता. १९९० च्या दशकात प्रोग्रॅमिंगसाठी घरच्या संगणकावर लिनक्स बसवायला घेणाऱ्याला हार्ड डिस्कचे भाग कसे पाडतात, मॉनिटर किती वारंवारता सोसतो, मोडेम कोणत्या इंटरप्टवर बसला आहे, हे सगळे आधी शिकावे लागे, प्रोग्रॅमिंग त्यानंतर. या त्रासाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक म्हणजे फुकटच्या कामाला शिस्त नसते. दुसरे म्हणजे प्रोग्रॅमर स्वतःपुरते पाहतात, इतरांच्या सोयीचे त्यांना पडलेले नसते. इतिहास नीट तपासला तर ही दोन्ही कारणे अपुरी ठरतात. लिनक्सच्या अडचणी दोन जातींच्या होत्या. काहींचे उत्तर शोधायला लागणारी माहिती काम करणाऱ्यांच्या हाताशी होती. त्या बहुतेक चार-सहा वर्षांत सुटल्या. काहींची माहिती हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या कपाटात कुलूपबंद होती. त्या पंधरा-पंधरा वर्षे रेंगाळल्या. माणसे तीच होती, बिनपगारी रात्री त्याच होत्या, शिस्त म्हणा की बेशिस्त, तीही तीच होती. घोडे पेंड खात होते ते माहितीच्या मालकीपाशी.

मुळात लिनक्स जन्माला आले तेच माहिती उघडी होती म्हणून. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्याचा तांत्रिक संदर्भग्रंथही विकायला ठेवला. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या आणि बायोसचा सगळा सोर्सही छापलेला होता. इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरची प्रोग्रॅमरांसाठीची संदर्भपुस्तिकाही कुणालाही घेता येत होती. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ च्या सुरुवातीला ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला, २५ ऑगस्टला आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये सुमारे दहा हजार ओळींची ०.०१ ही आवृत्ती खुली केली. हे करताना त्याला इंटेलच्या दारात जावे लागले नाही, कसल्या गुप्ततेच्या करारावर सही करावी लागली नाही. कंपायलरही तयार होता. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाचा जीसीसी १९८७ पासून सोर्ससकट उपलब्ध होता. स्टॉलमन यांनी आपल्या प्रकल्पामागची प्रेरणा सांगताना ज्या प्रसंगाचा वारंवार उल्लेख केला आहे, तोही याच जातीचा आहे: एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला, कागद अडकला की सगळ्यांना कळवण्याची सोय त्यांना त्यात करायची होती, आणि प्रिंटरचा सोर्स त्यांना मिळाला नाही. एकीकडे उघडा प्रोसेसर आणि दुसरीकडे बंद प्रिंटर, या दोन टोकांमधल्या जागेत पुढची तीस वर्षे लिनक्स बसवणारे अडखळत राहिले.

पहिल्या जातीची अडचण म्हणजे सिस्टिम डिस्कवर उतरवणे. ०.०१ तर मिनिक्स या दुसऱ्या सिस्टिमवर कंपाइल करावी लागे. लवकरच एक फ्लॉपी संगणक सुरू करण्यासाठी आणि दुसरी मूळ फाइलींसाठी, अशी जोडी फिरू लागली. पुढचे सगळे हाताने. पण फेब्रुवारी १९९२ मध्येच मँचेस्टर कॉम्प्युटिंग सेंटरमधल्या ओवेन ल ब्लां यांनी मेनूवरून बसवता येईल असा संच काढला. त्याच वर्षी पीटर मॅकडोनल्ड यांचा एसएलएस आला, जुलै १९९३ मध्ये त्यातल्या चुका दुरुस्त करत पॅट्रिक फोल्करडिंग यांचे स्लॅकवेअर आले, आणि महिन्याभरात, १६ ऑगस्टला, इयन मर्डॉक यांनी डेबियनची घोषणा केली. लिनक्सच्या घोषणेपासून दोन वर्षांत एवढी मजल. स्लॅकवेअरच्या फ्लॉपींचे संच अक्षरांनी ओळखले जात आणि ती अक्षरे पाहिली की हे यंत्र कुणासाठी तयार होत होते ते कळते: ‘ए’ म्हणजे मूळ सिस्टिम, ‘डी’ म्हणजे कंपायलर आणि प्रोग्रॅमिंगची हत्यारे, ‘ई’ म्हणजे ईमॅक्स, ‘के’ म्हणजे कर्नलचा सोर्स. एखाद्याला चित्रांचा पडदा नको असेल तर ‘एक्स’चा संच सोडता येई, ‘डी’ सोडण्याचा विचार फारसे कुणी करत नसे, कारण आपल्या हार्डवेअरला जुळणारा कर्नल पुष्कळदा स्वतःच कंपाइल करावा लागे.

बिघाड समजावून सांगण्याची पद्धतही याच काळात घडली, आणि माझ्या मते ही त्या पिढीची सर्वांत मोठी कमाई आहे. वर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो हा प्रोग्रॅम संगणक चालू होताना कर्नल वर चढवत असे. तो प्रत्येक टप्प्यावर आपल्या नावाचे एकेक अक्षर पडद्यावर उमटवी. चारही अक्षरे उमटली तर सगळे ठीक. ‘एल’ आणि ‘आय’ एवढ्यावरच गाडी थांबली तर दुसरा टप्पा डिस्कवरून वाचला गेला पण चालू होऊ शकला नाही, म्हणजे डिस्कची भूमिती चुकली किंवा फाइल हलवल्यावर लिलो पुन्हा चालवायचे राहून गेले. बायोसच्या जुन्या मर्यादेमुळे १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडे ठेवलेला कर्नल लिलोला दिसत नसे. त्यावर डिस्कच्या आरंभीच एक छोटा भाग पाडून कर्नल तिथे ठेवायचा, हा तोडगा घरोघरी पोहोचला. तो पोहोचला याचे श्रेय मॅट वेल्श, लार्स विर्झेनियस आणि त्यांच्या सोबत्यांनी उभ्या केलेल्या लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टला. तिथे प्रत्येक विषयावर ‘हाउ-टू’ नावाची पुस्तिका होती. चूक कुठे झाली ते यंत्राने सांगायचे, त्याचा अर्थ कुणीतरी लिहून ठेवायचा, आणि पुढच्या आवृत्तीत ती चूक होणारच नाही असा प्रोग्रॅम लिहायचा, हे चक्र फिरू लागले. ते फिरू शकले कारण लिलोच्या आत काय चालते हे कुणापासून लपवलेले नव्हते.

प्रोग्रॅमरला खरा छळणारा प्रश्न त्यानंतरचा. एखादा प्रोग्रॅम बसवायला गेले की तो दुसरी लायब्ररी मागे, ती तिसरी मागे, आणि तिसरी बसवली की आधीचा चालता प्रोग्रॅम बंद पडे. १९९७-९८ मध्ये डेबियनसारख्या बहुतेक वितरणांना (लिनक्सच्या तयार संचांना) जुनी सी लायब्ररी सोडून जीलिबसी २ वर जावे लागले तेव्हा हा त्रास शिगेला पोहोचला. सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅट या वितरणाच्या ७.० आवृत्तीने तर जीसीसीची २.९६ अशी आवृत्ती दिली, जी जीसीसीच्या मूळ प्रकल्पाने कधी प्रसिद्धच केली नव्हती. तिच्याने कर्नल नीट कंपाइल होईना, म्हणून कर्नलसाठी जुना कंपायलर वेगळ्या नावाने सोबत द्यावा लागला. ही चूक पूर्णपणे लिनक्सच्या जगातली होती आणि तिच्यावर टीका झाली ती योग्यच झाली. पण या जातीच्या रोगावरचे औषध किती लवकर तयार झाले तेही पाहावे. कोणते पॅकेज कशावर अवलंबून आहे याची नोंद डेबियनने पॅकेजच्या आतच ठेवायला सुरुवात केली होती. त्या नोंदी वाचून सगळी साखळी आपोआप आणणारा आणि बसवणारा एपीटी १९९८ मध्ये तयार झाला आणि मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये सर्वांच्या हाती आला. प्रकल्पाच्या घोषणेपासून सहा वर्षांच्या आत. कंपायलर, डीबगर आणि लायब्ररी एका आज्ञेत मिळू लागल्या, त्याही काळात जेव्हा विंडोजवर प्रत्येक हत्याराचा इन्स्टॉलर वेगळा शोधावा लागत होता.

आता दुसरी जात. ग्राफिक्सचा पडदा सुरू करण्यासाठी एक्सफ्री८६ या प्रोग्रॅमला एका फाइलमध्ये ‘मोडलाइन’ नावाच्या ओळी लिहून द्याव्या लागत: पिक्सेलच्या घड्याळाचा वेग, आडव्या रेषेचे चार आकडे, उभ्या दिशेचे चार. मॉनिटर किती सोसेल ते त्याच्या पुस्तिकेतून काढायचे, आणि चुकीचे आकडे दिले तर मॉनिटरला इजा होऊ शकते असा इशारा मार्गदर्शिकांत दिलेला असे. हे आकडे काही निसर्गाचे गूढ नव्हते. मॉनिटर बनवणाऱ्याला ते ठाऊकच होते. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने मॉनिटरने स्वतःच आपली क्षमता केबलमधून कळवावी असे खुले मानक ठरवले, तसे मॉनिटर बाजारात आले, आणि मोडलाइन लिहिण्याची विद्या हळूहळू निरुपयोगी झाली. कार्डांची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डायमंड या कंपनीची कार्डे लोकप्रिय होती, पण त्यांतले घड्याळ कसे लावायचे हे कंपनी गुप्ततेच्या कराराशिवाय सांगत नसे. सोर्स उघडा ठेवायचा तर असा करार करता येत नाही. एक्सफ्री८६ च्या कागदपत्रांत या कंपनीची कार्डे चालत नाहीत, असे कारणासह छापलेले होते. पुढे कंपनीने धोरण बदलले आणि कार्डे चालू लागली. मधल्या काळात एक्सफ्री८६ च्या लोकांची शिस्त वाढली नव्हती की त्यांना सामान्य माणसाचा कळवळा आला नव्हता. त्यांना फक्त कागद मिळाले होते. नेटवर्क कार्डांची उलटी साक्ष आहे. एनई२००० सारख्या कार्डांची रचना सर्वांना माहीत होती. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनल्ड बेकर यांनी कितीतरी इथरनेट कार्डांचे ड्रायव्हर लिहिले आणि ती कार्डे लिनक्सवर लवकर चालू लागली.

मोडेम आणि वायफाय यांनी तर एका पिढीचा अंत पाहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या स्वस्त ‘विनमोडेम’मध्ये सिग्नलवरची प्रक्रिया कार्डावर नव्हे, विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये होत असे. त्यामुळे लिनक्समध्ये तो मोडेम म्हणजे निव्वळ एक पट्टी. वायफायच्या बाबतीत ब्रॉडकॉमच्या चिप कितीतरी लॅपटॉपमध्ये होत्या आणि कागदपत्रे कुणालाच मिळत नव्हती. काहींनी विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्समध्ये गुंडाळून चालवण्याचा मार्ग काढला. काहींनी त्याहून कष्टाचा मार्ग धरला: एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते त्याचे वर्णन लिहायचे, आणि मूळ ड्रायव्हर कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहायचा. तो २००६ मध्ये कर्नलमध्ये आला. खुद्द ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपचा खुला ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. अशा कामात गेलेली वर्षे ही कंपनीला आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा शोधून काढण्यात गेली, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की कंपन्यांनी माहिती लपवली वगैरे काही नाही. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे मूठभर, त्यांच्यासाठी ड्रायव्हर लिहायचा खर्च कोण करणार? आक्षेपात तथ्य आहे, पण तो निम्म्या प्रश्नालाच लागू पडतो. ड्रायव्हर लिहायला पैसा लागतो. आधीच लिहिलेला कागद द्यायला फार लागत नाही. जानेवारी २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नलच्या प्रमुख कार्यकर्त्याने जाहीर केले की कोणतीही कंपनी कागदपत्रे देत असेल तर आम्ही तिच्या उपकरणाचा ड्रायव्हर फुकट लिहून देऊ आणि सांभाळूही. गरज पडली तर कागदपत्रे गुप्त ठेवून ड्रायव्हरचा सोर्स मात्र उघडा ठेवता येईल असा करार करण्याची सोयही त्यात होती. शेकडो प्रोग्रॅमर त्यासाठी पुढे आले. म्हणजे मजुरीचा प्रश्न उरलाच नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एटीआय या ग्राफिक्स कंपनीला आदल्या वर्षी विकत घेतलेल्या एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपची कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. तेव्हाही डेस्कटॉपवरचे लिनक्स मूठभरांचेच होते. आज एएमडीचे कार्ड लावलेला संगणक बहुधा काहीही न बसवता सुरू होतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी बाहेरच्या लोकांनी नूवो हा ड्रायव्हर उलगडून लिहिला, तोही काही वर्षांच्या कष्टाने, आणि कंपनीचा बंद ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलबरोबर मोडत राहिला. बाजारपेठ दोघांनाही तीच होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो मी पूर्ण परतवू शकत नाही. आवाजाचे काय? साउंड कार्डांची बरीचशी माहिती उपलब्ध असूनही लिनक्समध्ये आवाजाची व्यवस्था म्हणून आधी ओएसएस आले, मग डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून आल्सा, मग त्याच्यावर पल्सऑडिओ, जे उबुंटू या वितरणाने २००८ मध्ये कच्चे असतानाच सर्वांच्या गळ्यात मारले, आणि आता पाइपवायर. दर वेळी चालणारे मोडून नवे मांडले गेले आणि वापरणारा मुका बसला. इथे कुलूप कुणाचेही नव्हते. घोळ घरचाच होता. पण याही घोळाकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो मिटवायला कुणाची परवानगी लागली नाही. फेडोरा या वितरणाने एप्रिल २०२१ मध्ये पाइपवायर स्वीकारले तेव्हा जुन्या प्रोग्रॅमना बदलल्याचे कळूही नये अशी व्यवस्था आत केलेली होती. माहिती उघडी असली की चुका होत नाहीत, असा माझा दावा नाही. चूक झाली की ती कोण दुरुस्त करू शकतो, एवढाच मुद्दा आहे.

मराठी वाचकाला या इतिहासाचा एक धागा अगदी जवळचा आहे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सामान्यांना खुले केले, पण फोनच्या तारेवरून आख्खे वितरण उतरवणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. आपल्याकडे लिनक्स पसरले ते पीसी क्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडींवरून आणि पुढे उबुंटू घरपोच फुकट पाठवत असे त्या सीडींवरून. संगणक सुरू झाला तरी त्यावर देवनागरी दिसेल याची खात्री नव्हती. इथेही दोन्ही जाती होत्या. जोडाक्षरे कशी जुळवायची याचे प्रोग्रॅम उघडे होते, इंडलिनक्ससारख्या गटांना त्यात हात घालता येत होता. फाँट मात्र बंद. प्रत्येक कंपनीच्या फाँटची अक्षरे वेगळ्या क्रमांकांवर बसवलेली, एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता चिखल. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फाँट रेड हॅटने २००४ च्या सुमारास खुल्या परवान्याखाली दिले तेव्हा ही कोंडी फुटली. मग ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतले दोन निरनिराळे र नीट उमटतात की नाही, हे मराठी माणसाला तपासता आले आणि चुकत असेल तर दुरुस्त करता आले. हिंदीला हा दुसरा र लागत नाही. केवळ हिंदी वाचून तपासणाऱ्याला ती चूक दिसली नसती.

आता असेही म्हटले जाते की हा सगळा इतिहास संपला. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये विंडोजच्या आत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय केली आणि २०१९ मध्ये तिथे खरा लिनक्स कर्नलच आणला; प्रोग्रॅमरने डेस्कटॉपवर वेगळे लिनक्स बसवायचेच कशाला? सोय उत्तम आहे, वापरणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती बिनतक्रार का चालते ते पाहावे. तिथला कर्नल आभासी यंत्रावर चालतो, आणि त्या यंत्राच्या आभासी डिस्कचे व नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर खुद्द मायक्रोसॉफ्टने जुलै २००९ मध्ये जीपीएल परवान्याखाली लिनक्सला दिले होते, सुमारे वीस हजार ओळी. ज्या हार्डवेअरची संपूर्ण माहिती कर्नलकडे आहे त्यावर लिनक्स कधीच अडत नव्हते, आजही अडत नाही. खऱ्या ग्राफिक्स कार्डाशी आणि वायफायशी झगडण्याचे काम तिथे विंडोजच्या ड्रायव्हरकडे सोपवलेले असते.

कुलूप मात्र गेले नाही. ते खाली सरकले. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण तो नव्या पिढीच्या कार्डांसाठीच आहे आणि त्यांची बरीचशी कामे कार्डावरच्या एका लहान प्रोसेसरमधल्या बंद फर्मवेअरकडे गेलेली आहेत. वायफायच्या बहुतेक चिपचेही तसेच. यामुळे डेबियनपुढे धर्मसंकट उभे राहिले. १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात त्यांनी सिस्टिम पूर्ण मुक्त ठेवण्याचे वचन दिले होते, म्हणून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसे, आणि नव्या लॅपटॉपवर तो चालवला की वायफायच नसल्याने पुढचे काही उतरवताही येत नसे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून करारात बदल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. काही जुन्या सदस्यांना हे पटले नाही आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. तरी मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण ज्याचे यंत्र सुरूच होत नाही त्याला त्या वचनाचा उपयोग नाही. निर्णयाच्या मसुद्यात दोन अटी मात्र होत्या. बंद फर्मवेअर नको असेल त्याला ते नाकारता आले पाहिजे. आणि कोणते फर्मवेअर चढवले याची यादी इन्स्टॉलरने दाखवून बसवलेल्या सिस्टिममध्येही जपून ठेवायची, म्हणजे आपल्या संगणकाचा कोणता भाग अजून दुसऱ्याच्या ताब्यात आहे हे मालकाला कधीही उघडून वाचता येईल.